मामाची टोपी आणि माझे कान

मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो हातात पडला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तोपर्यंत आपल्याला कान आहेत याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ऐकू यायचं, सर अधूनमधून पिळायचे, कानांचा आणि माझा संबंध तेवढाच. फोटो शाळेच्या अंगणात काढलेला, ऊन आमच्या पाठीमागून येत होतं आणि मी सगळ्यांत मागे बाकावर उभा होतो. बाकीच्या मुलांना चेहरे होते. मला दोन कान होते, आणि मधे जागा उरली म्हणून कुणीतरी तिथे नाकडोळे बसवले होते. उन्हाने ते कान आरपार उजळून निघाले होते, मखरातल्या दिव्यांसारखे.

लालबागच्या एका चाळीत आमची एक खोली. खोलीत आरसा एकच, वडिलांच्या दाढीचा, खिडकीच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेला, तळहाताएवढा. त्यात एका वेळी माझा एकच कान मावायचा. मी आधी डावा बघायचो, तो लक्षात ठेवायचो, मग मान फिरवून उजवा बघायचो आणि दोन्ही मनातल्या मनात जोडायचो. जोडताना ते दर वेळी थोडे वाढत. आठवड्याभरात माझ्या मनातले कान इतके झाले की दारातून आत येताना मी नकळत अंग चोरू लागलो.

हसू येतं आज. पण तेव्हा ते कसं होतं ते नीट सांगायला हवं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार कानांचा. कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी मोरीत जायचो आणि कान डोक्यापासून किती बाहेर आहे ते मोजायचो. काल होता त्याहून आज जास्त भरला की दिवस गेला. कमी भरला की पट्टी वाकडी धरली असणार म्हणून पुन्हा मोजायचं. बाहेर आई हंड्यावर हंडा आपटत म्हणायची, "खंय गेलंस रे? बाकीच्यांका अंघोळ नको?"

रस्त्यात काचेचं दुकान दिसलं की मी थांबायचो. इराण्याच्या हॉटेलात चारी भिंतींना आरसे, तिथे एका चहात मी अर्धा तास काढायचो, आणि पुढून, मागून, तिरका असा सतरा ठिकाणी स्वतःला बघून पार खचून बाहेर पडायचो. समोरच्या माणसाला चष्मा असेल तर तो काय बोलतो ते मला ऐकूच यायचं नाही. त्याच्या भिंगांत मला माझे दोन इवलेसे कान दिसत असायचे. नळावर दोन बायका हसल्या की माझ्या कानांवर हसल्या. गणपतीच्या वर्गणीला आलेली माणसं जिन्यात कुजबुजली की विषय माझे कान. सगळं लालबाग दुसरं काही कामच नसल्यासारखं माझ्या कानांकडे लागलेलं होतं, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

मग एक शोध लागला. कान समोरून बघितले तर दिसतात, बाजूने बघितले तर कुणालाही असतात तसेच. त्या दिवसापासून मी माणसांशी बाजूने बोलू लागलो. कुणी समोर आलं की मी चटकन वळायचो आणि डावा गाल पुढे करून उत्तर द्यायचो. एक माणूस असला की जमायचं. दोन माणसं दोन बाजूंना उभी राहिली की मी भोवऱ्यासारखा फिरायचो.

उपायही करून पाहिले. दवाखान्यातली चिकटपट्टी लावली, ती घामाने तासाभरात सुटली आणि कान फट्दिशी बाहेर आला. केस वाढवले, तर वडिलांनी विचारलं, "नाटकात बायकांचं काम मिळालंय काय?" शेवटी डिंक. कानामागे डिंक लावून कान डोक्याला दाबून धरायचा आणि दोनशेपर्यंत आकडे म्हणायचे. दोनशे म्हणून झाले, हात काढले, आणि आश्चर्य, कान जागेवर! मी आनंदाने वळलो तर दारात आई.

"अरे मेल्या, कानाक काय लावलंस ता?"

"काही नाही."

"तुका कोणी काय म्हटल्यान?"

कुणी काही म्हटलं नव्हतं, हीच तर अडचण. कुणी म्हटलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. आईने गरम पाण्याने डिंक सोडवला, त्याबरोबर थोडे केसही गेले, आणि कान पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले. वर लालबुंद.

अशात कोकणातून मामा आले. मामा गावच्या शाळेत मास्तर. डोकं भलं मोठं आणि त्यावर पांढरी खादीची टोपी. चार दिवस राहून ते परत गेले आणि एक धुतलेली टोपी दोरीवरच विसरून गेले. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ती सहज डोक्यावर ठेवली. मामांच्या मापाची, माझ्या डोक्याला दोन नंबर मोठी. ती खाली सरकली, कानांवरून गेली आणि भुवयांवर येऊन थांबली. मी आरशात बघितलं. उजवा कान नाही. मान फिरवली. डावा कान नाही.

मी खोलीत नाचलो. खरंच नाचलो, पाटाला पाय अडखळून पडलो, उठून पुन्हा नाचलो. मग सदरा घातला, टोपी नीट खाली ओढली आणि जिना उतरून सरळ रस्त्यावर गेलो. कित्येक महिन्यांनी मी माणसांकडे समोरून बघत चाललो होतो. छाती पुढे, मान ताठ. आणि माणसंही माझ्याकडे बघत होती. पानवाला हातातला चुना तसाच धरून बघत राहिला. समोरून येणारे दोघे गिरणीकामगार थबकले. मला वाटलं, कान नसले की माणूस किती देखणा दिसतो!

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळं गिरणगाव पेटलेलं. आमच्याच भागात गोळीबारात माणसं गेली होती, त्यांच्या घरची दुःखं ताजी होती. आणि पांढरी टोपी म्हणजे मुंबई द्यायला तयार नसलेल्या सरकारी पक्षाची टोपी. त्या टोप्या भररस्त्यात लोकांच्या डोक्यांवरून काढून घेतल्या जात होत्या. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. वडिलांबरोबर मी सभांना गेलो होतो, 'झालाच पाहिजे' म्हणून घसा सुकवला होता. पण टोपी डोक्यावर चढली त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की कान गेले. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्या समोरून मी त्या टोपीत हिंडलो, याची लाज मला आजही वाटते. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तेवढी जागाच नव्हती. ती सगळी कानांनी व्यापली होती.

वडील गिरणीत साचे खात्यात, मागावर कापड विणायचे. चळवळीची चाळ कमिटी आमच्याच दारासमोरच्या गॅलरीत बसायची. पहिली पाळी संपवून ते घरी आले आणि दारातच उभे राहिले.

"हे काय?"

"टोपी."

"टोपी मलाही दिसतेय. काढ."

"नाही काढणार."

वडिलांना नाही म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ. गॅलरीतल्या माना आमच्या दाराकडे वळल्या.

"का नाही काढणार?"

आता काय सांगू? कान म्हणून सांगितलं तर सगळी चाळ कानांकडे बघणार. मी म्हणालो, "माझी मतं आहेत."

"कसली मतं?"

"वेगळी."

वडिलांनी आईकडे बघितलं. आईने भाकरी उलटवली आणि म्हणाली, "मतां आसत तर असूंदेत. जेवा आधी."

त्या दिवसापासून वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले. आणि मतं आहेत म्हटल्यावर ती कुठून तरी आणणं आलं. संध्याकाळी चाळीतली पोरं वाद घालायला जिन्यात जमू लागली. "सांग की तुझी मतं!" मी वर्तमानपत्रं आणून सरकारी पक्षाची बाजू पाठ करू लागलो. गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र ठेवून केलेलं मोठं द्वैभाषिक राज्य तेव्हा चालू होतं. ते कसं चांगलं, मुंबई सगळ्यांचीच कशी, असं काहीबाही मी बोलायचो. एका शब्दावर विश्वास नव्हता. पण टोपी वाचवायची म्हटल्यावर माणसाला काय वाटेल ते सुचतं.

परळच्या नाक्यावर एकदा मोर्चात सापडलो. मागून कुणीतरी टोपी उचलली. वारा एकदम दोन्ही कानांना लागला. मी ओरडलो आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून टोपीवाल्यामागे धावत सुटलो. पुढे टोपी हवेत, मागे कान झाकून मी, आणि दोन्ही बाजूंना लोक हसताहेत. एक म्हातारा म्हणाला, "बघा, बघा, आपल्या घोषणा ऐकवत नाहीत त्याला!" मग सगळ्यांनी मिळून माझ्या दोन्ही कानांशी येऊन घोषणा दिल्या. हात काढता येत नव्हते आणि उत्तरही देता येत नव्हतं. टोपी मिळाली, पण चुरगळून. त्यानंतर मी खिशात एक जादा टोपी ठेवू लागलो.

याच सुमारास मला गिरगावात, फणसवाडीजवळच्या एका छापखान्यात काम लागलं. काम मुद्रितं तपासण्याचं. मुद्रितं दोघांनी मिळून तपासायची असतात, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवून चुका धरायच्या. वाचणारी एक मुलगी होती. माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी असेल, फणसवाडीतल्या जुन्या बिऱ्हाडातली, तिचे आजोबाही कारकून आणि वडीलही कारकून. डोळ्यांवर चष्मा, बोलणं अगदी स्वच्छ, आणि चूक दिसली की भुवई वर.

छापखान्यात चळवळीची पत्रकं छापली जायची. मालकांनी माझी टोपी बघितली आणि त्यांची खात्री झाली की सरकारी पक्षाने हेर पाठवला. काढून टाकायची भीती, ठेवायचीही भीती. मग त्यांनी एक युक्ती केली. पत्रकं ते स्वतः तपासायचे आणि आम्हा दोघांकडे फक्त लग्नपत्रिका द्यायचे. त्यामुळे वर्षभर ती मुलगी माझ्या शेजारी बसून मला लग्नपत्रिका वाचून दाखवत होती. मी सवयीने डावी बाजू तिच्याकडे करून समोर भिंतीकडे बघत बसायचो, आणि ती माझ्या टोपीच्या कडेशी तोंड आणून खणखणीत आवाजात म्हणायची, "आमचे येथे! श्रीकृपेकरून!" यंत्रं थांबलेली असली की तो आवाज पार रस्त्यावर जायचा. एवढ्या मोठ्याने का वाचते ते मला कळायचं नाही. गिरगावात अशीच पद्धत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मला ती आवडायची. म्हणूनच मी तिच्याकडे एकदाही समोरून बघितलं नाही.

गणपती आले. चाळीच्या उत्सवात वादविवाद ठेवला होता, विषय 'द्वैभाषिक राज्य मुंबईच्या हिताचे आहे'. विरुद्ध बाजूने बोलायला बावीस जण तयार. बाजूने एकही नाही. चाळीतले एक निवृत्त शाळामास्तर अध्यक्ष होते. ते धोतर सावरत आमच्या दाराशी आले आणि मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "अरे, तुझी ती मतं आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग वाचव बाबा मला. एका बाजूचा वाद कसा घालणार?"

मी होकार का दिला ते मला अजून कळलेलं नाही. मंचावर उभं राहायचं म्हणजे शेकडो डोळे. पण टोपी डोक्यावर होती. टोपी असली की मी कुठेही जाऊ शकत होतो.

मंडप तुडुंब भरला. चाळीतल्या टोपीवाल्याला बघायला शेजारच्या चाळींतूनही लोक आले होते. गिरगावातून मालक आले होते, हेर उघड काय बोलतो ते ऐकायला, आणि त्यांच्यामागे ती मुलगी, एका मावशीला घेऊन. वडील अगदी शेवटी, खांबाला टेकून.

मी पहिलं वाक्य बोललो आणि मंडप ओरडला. दुसरं बोललो, पुन्हा ओरडला. तिसऱ्या वाक्याला कुणीतरी गणपतीपुढची झांज उचलून वाजवली. आणि मला एकदम फार बरं वाटू लागलं. इतकी माणसं माझ्याकडे टक लावून बघत होती, तोंड भरून शिव्या देत होती, आणि त्यांतली एकही शिवी कानांवर नव्हती! सगळ्या माझ्या मतांवर होत्या. मतं तर माझी नव्हतीच. माझ्या अंगावर काही येतच नव्हतं. मी रंगात आलो. हातवारे केले. पुढच्या रांगेतल्या आजोबांना "काका, तुम्हीच सांगा," म्हणालो. डोकं हलकं झालं होतं, पाय जमिनीला लागत नव्हते. लोकांचा आरडाओरडा वाढला तसा माझा आवाज चढला. मग कुणीतरी चप्पल फेकली, ती मास्तरांना लागली आणि मंडप उठून उभा राहिला.

तेव्हा मागून वडील निघाले. गर्दीतून वाट काढत मंचावर चढले. माझे वडील कधी सभेत बोलले नव्हते. घोषणा द्यायचे, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. मंडप गप्प झाला.

"मी तीस वर्षं साच्यावर उभा आहे," ते म्हणाले. "या मुंबईचं कापड मी विणलंय. मुंबई कोणाची ते मला कोणी सांगायला नको. हा जे बोलला ते सगळं चूक आहे."

टाळ्यांचा कडकडाट. ते थांबले. घसा खाकरला.

"पण हा माझा पोरगा आहे. तुम्ही एवढे जण याच्या अंगावर ओरडताय आणि हा उभा राहून बोलतोय. मला त्याचं एक अक्षर पटत नाय. पण बसू नको, बोल. कोणी चप्पल मारली तर मी आहे हितं."

आणि ते माझ्या शेजारीच उभे राहिले, हाताची घडी घालून, माझ्या त्या खोट्या मतांची राखण करत. कित्येक महिन्यांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आता म्हणत होते, बोल.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. मी दोन्ही हातांनी टोपी धरली आणि काढली.

"मला महाराष्ट्र पाहिजे," मी म्हणालो. "मुंबईसकट पाहिजे. मी टोपी कानांसाठी घालतो."

लाउडस्पीकर तेवढा कुईं करत होता.

"कशासाठी?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या हातात ती चप्पल अजून तशीच होती.

"कान. माझे कान मोठे आहेत. टोपीत झाकले जातात."

आधी एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. मग ते हसू मागे मागे गेलं आणि तिथून दुप्पट होऊन पुढे आलं. सगळा मंडप हसत होता, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होता, झांजवाला झांज वाजवत होता. ज्या गोष्टीच्या भीतीने मी दीड वर्ष रात्रंदिवस झुरलो होतो, ती माझ्यासमोर घडत होती. शेकडो लोक माझ्या कानांना हसत होते. मी वाट बघत होतो की आता मरेन. काहीच झालं नाही. उलट माझ्याच पोटातून काहीतरी वर आलं आणि मी फस्सकन हसलो. वडिलांकडे बघितलं तर त्यांचे खांदे हलत होते.

"बघू, बघू," म्हणत लोक मंचावर चढू लागले. कुणी हनुवटी धरून मान फिरवली, कुणी दिवा जवळ आणला. दोन तट पडले. एक म्हणे, मोठे आहेत. दुसरे म्हणत, कुठे मोठे आहेत, असतात एवढे. भांडण जुंपलं. मास्तर जन्माचे शिस्तीचे. त्यांनी टेबल वाजवलं आणि म्हणाले, "या प्रश्नावर सभेचं मत घेऊ. कान मोठे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

भराभर हात वर झाले. मी मोजले नाहीत, पण ठराव चांगल्याच बहुमताने मंजूर झाला. वडिलांचाही हात वर होता.

"तुमचा पण?" मी विचारलं.

"आहेत की मोठे," ते म्हणाले. "मग?"



मोठी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवसापासून माणसं मला गाठून आपापली दुखणी सांगू लागली. खालच्या मजल्यावरचे एक जंगी पैलवान गृहस्थ मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तुझं ठीक आहे रे. माझ्या पायाची बोटं बघ." अन् चक्क बूट काढला. त्यांची बोटं एकमेकांवर चढलेली होती म्हणून ते दहा वर्षं समुद्रावर गेले नव्हते. एका काकूंनी तोंडावरचा पदर बाजूला करून दात दाखवले. ज्या बायका नळावर माझ्या कानांना हसतात असं मला वाटायचं, त्यांतल्याच त्या. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तू माझ्या दातांमुळे तोंड फिरवतोस." छापखान्यात गेलो तर मालकांनी मला आत बोलावलं, दार लावलं, इकडे तिकडे बघितलं आणि डोक्यावरचे केस उचलून हातात घेतले. खाली चकचकीत टक्कल. "बायकोला माहीत आहे," ते म्हणाले. "दुसरं कुणाला माहीत नाही. आता तुला." आणि केस परत ठेवून त्यांनी माझ्या हातात चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा दिला.

मी बाहेर येऊन जागेवर बसलो. ती मुलगी पत्रक हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. आज पहिल्यांदा मी तिच्याकडे तोंड करून बसलो होतो.

"म्हणजे तुम्हाला दोन्ही कानांनी ऐकू येतं?" तिने विचारलं.

"येतं. का?"

"तुम्ही सारखा डावा कान पुढे करायचात. मला वाटलं, उजवा बहिरा आहे आणि डावाही फारसा बरा नसावा." तिने कपाळावर हात मारला. "वर्षभर बोंबलतेय मी इथे! घसा बसला माझा. आई रोज हळदीचं दूध देतेय."

"मला वाटलं, तुमच्याकडे असंच वाचतात."

"कसं? असं?" ती म्हणाली, आणि माझ्या तोंडासमोर ओरडली, "श्रीकृपेकरून!"

आम्ही दोघे इतके हसलो की खिळे जुळवणारे कंपोझिटर हातातलं काम टाकून आले. मालक केस दाबून धरत बाहेर आले. काय झालं ते दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

सगळं तिथेच मिटलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही मिटलं. महिन्याभरात मला वाटू लागलं की माझं नाक डावीकडे वळतंय. पुन्हा पट्टी निघाली, पुन्हा इराण्याचे आरसे. फरक एवढाच की या वेळी मी तिला सांगितलं. लाजत, प्रुफावर मान घालून सांगितलं. ती हसली नाही. चष्मा पुसला, नीट लावला, आणि बराच वेळ माझं नाक बघितलं.

"काल होतं तिथेच आहे," ती म्हणाली. "पुढची ओळ."

पुढे दोन वर्षांनी आमची लग्नपत्रिका त्याच छापखान्यात छापली. मालकांनी स्वतः जुळवली आणि तिच्यात तीन चुका राहिल्या. नाकानंतर हनुवटी आली, मग मानेवरची एक शीर, मग बरीच वर्षं काहीच नाही, मग पुन्हा कान. दर वेळी ती बघून सांगते, काल होतं तिथेच आहे. कधी कधी मला ते खरं वाटतं. कधी वाटत नाही, पण पुढची ओळ वाचायची असते.

मुंबईसकट महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस मात्र वेगळा होता. लालबागपासून दादरपर्यंत माणूस नुसता वाहत होता. गुलाल, लेझीम, बँड, दुकानादुकानांत पेढे वाटणं चाललेलं. मी, ती, आई, वडील सकाळी निघालो ते दिवस मावळेपर्यंत चालत होतो. वडील अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. एका पोलिसाला त्यांनी पेढा भरवला, तोही खाऊन रडू लागला. आई म्हणत होती, "माका धरा रे कोणीतरी," आणि स्वतःच सगळ्यांच्या पुढे पळत होती. घरी आल्यावर आरशाजवळून गेलो तेव्हा लक्षात आलं की सबंध दिवसात मला मी आठवलोच नव्हतो. तोंड गुलालाने माखलं होतं, शर्टाची एक बाही फाटली होती, ती कुठे फाटली तेही माहीत नव्हतं.

वडिलांचा आवाज त्या दिवशी ओरडून ओरडून पूर्ण गेला. चार दिवस ते खुणांनी चहा मागत होते, खुणांनी वर्तमानपत्र मागत होते आणि गॅलरीतल्या कमिटीत नुसतेच हात हलवत होते. आई पाचव्या दिवशी म्हणाली, इतकी शांतता लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मिळाली, दर वर्षी एकेक राज्य झालं तरी तिची काही हरकत नाही.